काट्यावरचा शिळा आकडा

सोयाबीनचा हंगाम होता. वाशीम जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या आवारात हर्रास आटोपून मापं सुरू झाली होती. हमाल पोतं काट्यावर चढवत, मापारी आकडा पुकारत, अडत्याचा माणूस वहीत टिपून घेई. एका शेतकऱ्याने मध्येच हात वर केला. त्याचं तोंडापर्यंत भरलेलं पोतं काट्यावर होतं आणि डिस्प्लेवर होतं ३१.४०.

"भाऊ, हे त मागच्याचं अर्धं पोतं हाय. माह्यं वजन कुठी गेलं?"

त्याने पोतं उतरवायला लावलं. काटा रिकामा झाला, तरी आकडा ३१.४०.

त्या काट्याच्या डबीत लिनक्स चालत होतं आणि वजन वाचणारा ड्रायव्हर मी लिहिला होता. मागचं पोतं अर्धं होतं म्हणून चूक उघडी पडली. दोन्ही पोती भरलेली असती आणि फरक किलो-दीड किलोचा असता, तर कुणाला कळलं असतं? तसं आधी कितीदा झालं असेल, या विचाराने मला झोप येईना.

तिसऱ्या रात्री चूक सापडली. वायरमधून आलेला आकडा मेमरीतल्या एका जागेत बसायचा आणि एक टायमर ठरावीक वेळाने तो उचलून डिस्प्लेला द्यायचा. हमालाच्या पायाने वायर हलून क्षणभर तुटली, की माझा कोड टायमरला थांबायला सांगायचा आणि लगेच ती जागा मोकळी करायचा. टायमरचं काम नेमकं त्याच क्षणी चालू असलं, तर तो स्वतःला पुढच्या फेरीसाठी पुन्हा लावून घ्यायचा. वायर परत जुळली की नवं वजन नव्या जागेत यायचं, टायमर मात्र जुन्याच जागेतून आकडा उचलत राहायचा. मोकळी केलेली मेमरी कुणी लगेच पुसत नाही. दुसरं कुणी राहायला येईपर्यंत जुनं सामान तिथेच पडलेलं असतं. टायमर पुरता थांबेपर्यंत वाट पाहणारं फंक्शन वापरायला हवं होतं. दुरुस्ती एका ओळीची झाली. ड्रायव्हर सी भाषेत होता. चुकलेल्या ओळीबद्दल तिच्या कंपायलरने, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामने, कधी चकार शब्द काढला नव्हता.

सीवर माझा राग नाही. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ती घडवली, १९७३ साली युनिक्सचा गाभा तिच्यात नव्याने लिहिला गेला आणि एका यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम दुसऱ्या यंत्रावर नेणं माणसाच्या आवाक्यात आलं. १९९१ पासून लिनक्स तिच्यावर उभं आहे, आणि माझा संसारही. सी लिहिणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकते. हा तिचा मोठेपणा आहे आणि धोकाही तोच आहे, कारण लिहिणारा कधीतरी थकलेला असतो आणि हंगाम तोंडावर आलेला असतो.

अशी चूक लिहितानाच अडवणारी एक भाषा आहे: रस्ट. तिचा उगमही असाच एका बिघडलेल्या यंत्रापाशी आहे. २००६ साली व्हँकूव्हरमध्ये ग्रेडन होअर घरी परतले तेव्हा सॉफ्टवेअर कोलमडल्यामुळे इमारतीची लिफ्ट बंद होती. ते राहायचे एकविसाव्या मजल्यावर. जिने चढताना त्यांना वाटलं, साधी लिफ्टसुद्धा आपल्याला न कोलमडणारी करता येऊ नये? पुढे मोझिलाने या कामाला पाठबळ दिलं आणि २०१५ मध्ये रस्टची पहिली पक्की आवृत्ती आली.

तिच्या मुळाशी असलेला शब्द आपल्या ओळखीचा आहे: उसनं. मेमरीतल्या प्रत्येक जागेला एकच मालक. वाचायला ती कितीही जणांना उसनी देता येते. बदलायला एका वेळी एकालाच, आणि तेव्हा दुसरा कुणी वाचतही नसला पाहिजे. उसनी दिलेली जागा परत येईपर्यंत मालकालाही ती टाकता येत नाही. आमच्या गावात शेजाऱ्याने नेलेला डवरा परत आल्याशिवाय कुणी तो विकायला काढत नाही, इतका हा साधा व्यवहार आहे.

मी माझी जुनी चूक रस्टमध्ये मुद्दाम लिहून पाहिली. जागा घेतली, उसनी दिली, मोकळी केली आणि मग उसनी घेतलेल्या वाटेने वाचायला गेलो. कंपायलरने कोड स्वीकारलाच नाही. जागा कुठे उसनी दिली, कुठे सोडली आणि त्यानंतर कुठे वापरली, त्या तिन्ही ओळींवर बोट ठेवून त्याने ई०५०५ ही त्रुटी दाखवली. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, टायमर कधी वाजेल हे कंपायलरला आधी कळत नाही. तिथे रस्ट जागेत भागीदारी करायला लावते आणि शेवटचा भागीदार हात सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. ज्या चुकीने माझ्या तीन रात्री खाल्ल्या, ती माझ्या टेबलावरच अडली असती. बाजारापर्यंत पोचली नसती.

एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "लिहिणारा सावध असला की सी पुरेशी सुरक्षित असते." त्यांच्याइतका सावध माणूस मी पाहिलेला नाही. पण सावधपणा माणसागणिक आणि दिवसागणिक बदलतो. भाषेचा नियम रात्री दोन वाजताही तोच असतो. भाषा निवडताना आपण हेच ठरवत असतो की चूक कुणाच्या पदरात पडावी: लिहिणाऱ्याच्या, की काट्यापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या.

म्हणून जुनं सगळं मोडायचं का? तशी गरज नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वाकाटक राजांचं वत्सगुल्म. तिथून दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या सदतिसाव्या राज्यवर्षात दिलेला ताम्रपट दोन भाषांत आहे: वंशावळ संस्कृतात, दानाचा व्यवहार प्राकृतात. जिथे हक्क द्यायचा-घ्यायचा होता तिथे रोजच्या व्यवहाराची भाषा आली आणि दोन्ही एकाच ताम्रपटात नांदल्या. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या ६.१ आवृत्तीत सीच्या शेजारी रस्टला अशीच जागा मिळाली. अँड्रॉइडमध्ये २०१९ साली सुरक्षेच्या त्रुटींपैकी ७६ टक्के मेमरीच्या होत्या. २०२४ मध्ये हा वाटा २४ टक्क्यांवर आला. त्यासाठी जुना कोड सरसकट बदलला नव्हता. नवा कोड अधिकाधिक सुरक्षित भाषांत लिहिला गेला, एवढंच.

रस्टमध्येही 'अनसेफ' असं लिहून कुंपण ओलांडावं लागतं. हार्डवेअरशी बोलताना ते टळत नाही. पण ओलांडलेली जागा नजरेत राहते आणि तपासायची कुठे हे कळतं. काटाच चुकीचा जुळवला असेल तर मात्र कोणतीही भाषा वजन खरं करू शकत नाही. ती जबाबदारी माझ्याकडेच राहते.

पुढच्या हंगामाआधी मी ड्रायव्हर रस्टमध्ये लिहिला. त्यात वजन 'आहे' किंवा 'नाही' अशा दोनच अवस्थांत येतं आणि 'नाही' असेल तेव्हा काय करायचं हे लिहिल्याशिवाय कोड पुढे सरकत नाही. सीमध्ये हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता.

त्याच आवारात, भरलेलं पोतं काट्यावर असताना, मी स्वतः वायर उपटली. डिस्प्लेवरचा आकडा गेला आणि चार आडव्या रेघा आल्या. मापाऱ्याने पुकारायला तोंड उघडलं होतं. तो थांबला. अडत्याच्या माणसाची पेन्सिल वहीवर थांबली. मी वायर परत बसवली, वजन आलं, आणि मग माप पुढे सुरू झालं.