नव्वद दिवस

मी परचेसमध्ये आहे हे कळल्यावर घरातली पहिली प्रतिक्रिया होती, "बरं झालं, आता दादरला भाजी आणायला हिलाच पाठवा." बारा वर्षं झाली, विनोद तोच आहे.

मी बसते लोअर परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. इथून चालत दहा मिनिटांवरच्या दुसऱ्या एका गिरणीत आजोबा कापूस खात्यात होते. गासडीतून चिमूटभर कापूस ओढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत ताणून तंतूची लांबी बघायची. सूत टिकणार की तुटणार ते तिथेच ठरायचं. चुकीची गासडी आत गेली की पुढच्या खात्यातली माणसं दिवसभर तुटलेले धागे जोडत बसायची आणि शिव्या आजोबांना. 'स्ट्रॅटेजिक' हा शब्द त्यांनी कधी ऐकला नाही.

खरं तर या शहराचं नशीबच एकदा खरेदीच्या चुकीमुळे फळफळलं. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतली बंदरं रोखली गेली आणि बहुतेक कापूस तिथूनच घेणाऱ्या लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. सगळी मागणी मुंबईकडे वळली. प्रेमचंद रायचंद गब्बर झाले, १८६५मध्ये युद्ध संपलं आणि बाजार कोसळला. नव्या पोरांना मी आधी हे सांगते. पीटर क्राल्जिच नंतर.

क्राल्जिचनं १९८३मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत लिहिलं की खरेदी ही कारकुनी नाही. प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारा: नफ्यावर तिचा परिणाम किती, आणि ती मिळेनाशी व्हायचा धोका किती? मग चार चौकोन पाडा. (तेव्हा लालबागेत १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानं गिरण्या थंड पडल्या होत्या आणि आजोबा गावी होते.)

२०१८मध्ये मीही चौकोन पाडले. पुठ्ठ्याचे खोके 'किरकोळ' चौकोनात गेले. किरकोळवाल्यांचं पेमेंट पंचेचाळीसवरून नव्वद दिवसांवर नेलं, तेवढीच कंपनीच्या हातात रोकड. टाळ्या पडल्या, मला बढती मिळाली. २००६च्या कायद्यानं लघुउद्योगांसाठी पंचेचाळीस दिवसांची मर्यादा घातली होती, हे मला ठाऊक होतं. तक्रार कोण करणार, हेही.

लालबागच्या गाळ्यात खोके बनवणारे एक काका फाइल घेऊन रिसेप्शनला येऊन बसले. मी खाली गेले. "सिस्टिममध्येच तसं आहे, काका," म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही. पाणीही न पिता गेले.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये आमचे दोन मोठे खोकेवाले अडकले. माल तयार, भरायला खोके नाहीत! आठ रुपयांच्या वस्तूसाठी आख्खी लाइन उभी. मी काकांना फोन लावला.

"मशीन विकलं गं, फेब्रुवारीत," ते म्हणाले. "कागदवाल्याला रोख लागतो. तुझ्या नव्वद दिवसांत मी किती पुरणार?"

त्यानंतर खरेदीला मान आला. आमचा साहेब आता एमडींच्या शेजारी बसतो. मार्च २०२१मध्ये 'एव्हर गिव्हन' सुएझमध्ये सहा दिवस आडवं पडलं, तेव्हा बोर्डानं आम्हालाच बोलावलं. पुरवठादाराचा पुरवठादार कोण, याचे नकाशे आम्ही काढतो. त्या नकाशावर काकांचा ठिपका नाही.

मग १ एप्रिल २०२४पासून आयकर कायद्यातलं ४३बी(एच) लागू झालं: लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीत धरत नाहीत. एक सहकारी म्हणाला, "मग नोंदणी नसलेल्यांकडूनच घेऊ." सोपं होतं, आणि माझ्या आधीच्या टाळ्यांशी सुसंगतही. या वेळी मी काकांची गोष्ट सांगितली, नाव न घेता. आणि हेही सांगितलं की तो निर्णय माझा होता. खोली गप्प झाली. खोक्यांचं पंचेचाळीस दिवसांवर आलं. लेबलं आणि छपाईचं 'बघू'वर अडकलंय.

परवा लालबागला चिवडा घ्यायला गेले होते. काका भेटले. आता पुतण्याच्या दुकानात हिशेब बघतात.

"आता किती दिवसांत देता?"

"पंचेचाळीस."

"लेबलवाल्यांना पण?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "अजून नाही."