रस्ता मोकळा झाला त्या दिवशीं

आमच्या रहिमतपुरांत सकाळीं सहाच्या सुमारास एस्. टी. स्थानकाजवळचा रस्ता झाडलेला दिसला म्हणजे कोणी तरी मोठा मनुष्य गांवास येणार, हें आम्ही न विचारतां ओळखतों. गटाराच्या कडेला फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढलेल्या असल्या तर येणारा मंत्री असावा, आणि रेघांबरोबर पताका व कर्णेही लागले असले तर तो सिनेमांतला नट असावा, असा आमचा पुष्कळ वर्षांचा ठोकताळा. हल्लीं तो डळमळीत झाला आहे, कारण एकच मनुष्य दोन्ही असूं लागला आहे. कांहीं महिन्यांपूर्वीं असेच एक गृहस्थ आमच्या गांवीं येऊन गेले. त्यांचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. जी गोष्ट सांगावयाची आहे तिच्यांत त्यांचा दोष फारसा नाहीं, आणि आमचा बराच आहे.

रहिमतपूर हें गांव लहान खरें, पण अगदींच आडरानांतलें नव्हे. तें कमंडलू नदीच्या कांठीं वसलें आहे. पुणें-मिरज लोहमार्गावर त्याच्या नांवाचें स्थानक आहे. १८५३ पासून येथें नगरपालिका आहे. आणि नाटककार वसंत कानेटकर १९२० सालीं येथेंच जन्मले. अशा गांवांत मुलींनीं शिकावें कीं शिकूं नये, हा वाद आतां उरलेला नाहीं. सकाळच्या गाड्या मुलींनीं भरून साताऱ्याकडे जातात. १७ मार्च २०२३ पासून एस्. टी.नें स्त्रियांचें तिकीट अर्धें केलें, तेव्हांपासून ही गर्दी अधिकच वाढली. मुलीला स्थानकापर्यंत आणून सोडण्याचें काम अशा रीतीनें अर्ध्या दरांत होऊं लागलें. तेथून घरापर्यंतच्या दहा मिनिटांचें भाडें मात्र तिच्याकडून पुरें वसूल होतें.

आमची एक पुतणी आमच्याकडे राहून साताऱ्यास शिकते. सायंकाळीं साडेसहाच्या गाडीनें ती उतरते. स्थानकाच्या कोपऱ्यावर पानाची टपरी आहे. तिच्यापुढें चारपांच मोटारसायकली तिरप्या उभ्या असतात आणि त्यांवर सातआठ पोरें बसलेलीं असतात. त्यांपैकीं कोणीही तिच्या अंगास कधीं हात लावलेला नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. कारण ज्याच्या ज्याच्यापाशीं आम्हीं ही गोष्ट काढली त्यानें पहिला प्रश्न हाच विचारला, आणि आम्ही ‘नाहीं’ म्हणतांच त्याला हायसें वाटून विषय संपला. घडतें तें इतकेंच. ती दिसली कीं एकाच्या मोबाइलवर एक ठराविक गाणें लागतें. दुसरा शीळ घालतो. तिसरा तिच्या ओढणीचा रंग पाहून मित्राला त्या रंगाच्या नांवानें हांक मारतो. पावसांत तिनें छत्री उघडली तर ‘आम्हांला पण घ्या कीं’ म्हणून विनवणी होते. चौथा मोबाइल असा धरतो कीं तो कोणाशीं बोलत आहे कीं तिचें चित्र घेत आहे, हें तिला कळूं नये. घरीं आल्यावर ती अर्धा तास कोणाशींही बोलत नाहीं. आमच्या घरांत तिचा स्वभाव ‘जरा तुटक’ म्हणून प्रसिद्ध झाला होता. त्याचें कारण हें, याचा पत्ता आम्हांला दोन वर्षांनीं लागला.

वर्तमानपत्रें अशा पोरांना ‘रोडरोमिओ’ म्हणतात. शेक्सपिअरच्या त्या बिचाऱ्या तरुणावर हा केवढा अन्याय! तो जिच्या सज्जाखालीं उभा राहिला ती त्याच्याच विचारांत होती, आणि तिच्यासाठीं त्यानें प्राण दिला. आमच्या टपरीवरचीं पोरें चहाचे पैसेसुद्धां देत नाहींत. पण या नांवामुळें गोष्टीला उगीच एक रंगेल छटा येते आणि वाचणारा हंसून पुढच्या बातमीकडे वळतो.

कारण कळल्यावर आम्हीं काय केलें? जें चार शहाणीं माणसें करतात तेंच. प्रथम ‘लक्ष देऊं नकोस’ असें सांगितलें. तें पुरें पडेना, तेव्हां मागच्या गल्लीनें येण्याचा सल्ला दिला. त्या वाटेनें सात मिनिटें अधिक लागतात आणि तेथें दिवे कमी आहेत. पण टपरी लागत नाहीं. पुतणी महिनाभर त्या वाटेनें आली. मग एके दिवशीं जेवतांना म्हणाली, “तात्या, मी हिशेब केला. रोजचीं सात मिनिटं, वर्षाचे दोनशें दिवस. तेवीस तासांच्या वर होतात. वर्षाकांठीं मला जवळजवळ एक अख्खा दिवस जास्त चालायचं आहे, आणि तीं पोरं मात्र जिथल्या तिथं.” आम्हीं आमटीची वाटी पुढें ओढली. गणित आम्हींच तिला शिकविलें होतें.

ही वाट कांहीं आजची नव्हे. आमच्याच सातारा जिल्ह्यांतील नायगांवीं १८३१ सालीं जन्मलेली एक मुलगी पुढें पुण्यास मुलींना शिकवावयास निघाली, तेव्हां लोकांनीं तिच्या अंगावर शेण आणि चिखल टाकला. म्हणून ती शाळेंत बदलण्यासाठीं दुसरें लुगडें बरोबर नेई. सावित्रीबाई फुले यांचें हें लुगडें आपण भाषणांत इतक्यांदा वापरलें आहे कीं तें आतां विरावयास आलें असेल. दर ३ जानेवारीला मोठमोठीं माणसें नायगांवास जातात, हार घालतात, आणि त्या दिवशीं तिकडचा रस्ताही झाडलेला असतो. शेण टाकणारे गेले. लुगड्याची जागा मागच्या गल्लीनें घेतली. सावित्रीबाईंनीं मात्र वाट बदलली नव्हती, हें आम्ही व्याख्यानांत सांगतों आणि घरीं विसरतों.

कायदा नाहीं असें म्हणावें तर तेंही खरें नाहीं. शब्दानें किंवा हावभावानें स्त्रीचा अपमान करणें हा १८६० च्या दंडसंहितेपासून गुन्हा आहे. २०१३ मध्यें पाठलागाचें कलम निराळें झालें. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलांत आली. तींत पाठलाग ७८ व्या कलमांत आणि शब्द-हावभाव ७९ व्या कलमांत आले. पण कलम लावण्यास आधीं कोणी तरी ठाण्याची पायरी चढावी लागते. २०२५ सालीं खानदेशांतील एका यात्रेंत एका केंद्रीय राज्यमंत्रीण बाईंच्या घरच्या मुलीस हाच त्रास झाला, आणि त्या बाईंना स्वतः ठाण्यांत तक्रार घेऊन जावें लागलें. जिच्या घरीं मंत्रिपद आहे तिची ही कथा; आमच्या पुतणीच्या घरीं तर निवृत्त शिक्षक आहेत.

आतां त्या नटश्रेष्ठांच्या आगमनाकडे वळूं. आदल्या रात्रीं टपरी उचलली गेली. मोटारसायकलींचा मागमूस राहिला नाहीं. चौकांत दिवसाउजेडीं दिवे जळत होते आणि वीस पावलांवर एकेक पोलीस उभा होता. पुतणीची सुट्टी होती; ती सहज म्हणून स्थानकापर्यंत गेली आणि परत आली. “तात्या, आज रस्त्यावरून नुसती चालून आले,” ती म्हणाली, “कांहींच झालं नाहीं.” तिच्या चेहऱ्यावर एखादें मोठें बक्षीस मिळाल्याचा आनंद होता. तो पाहून आम्हांला लाज वाटावयास हवी होती. पण आम्ही त्या वेळीं इस्त्रीचा सदरा शोधत होतों. सभेला पहिल्या रांगेंत आमची खुर्ची होती.

पुतणीनें एक अर्ज लिहून नेला होता. मागणें तीन ओळींचें: टपरी स्थानकाच्या तोंडाशीं नसावी, मागच्या गल्लींत दिवे असावेत, आणि सायंकाळच्या गाड्यांच्या वेळीं तासभर तेथें एक शिपाई असावा. पाहुण्यांनीं ‘तुमचा भाऊ तुमच्या पाठीशीं आहे’ असें भगिनीवर्गास आश्वासन दिलें, आपल्या एका चित्रपटांतलें वाक्य म्हणून दाखविलें, आणि टाळ्यांनीं मांडव हालला. मग स्त्रियांची रांग लागली. त्या रांगेची व्यवस्था छातीवर ‘स्वयंसेवक’ असा बिल्ला लावलेलीं पोरें ठेवीत होतीं. पुतणीनें त्यांपैकीं एकाला तत्काळ ओळखलें. ओढणीच्या रंगावरून हांका मारणारा तो हाच. “ताई, पुढं चला, पुढं चला,” तो अदबीनें म्हणत होता. दोन वर्षांत त्यानें तिला ‘ताई’ म्हणण्याची ही पहिलीच वेळ. पाहुण्यांनीं अर्ज घेतला, तो न पाहतां मागें उभ्या असलेल्या मनुष्याकडे दिला, आणि तिच्याबरोबर हंसतमुखानें छायाचित्र काढून घेतलें. सारें मिळून पाऊण मिनिट.

नटानें राजकारणांत पडूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. सुनील दत्त १९८४ सालीं मुंबईहून लोकसभेवर निवडून आले, आणि १९८७ त पंजाब पेटलेला असतां मुंबईहून अमृतसरपर्यंत पायीं चालत गेले. रस्ता म्हणजे काय, तें त्या मनुष्याच्या तळपायांस ठाऊक होतें. त्याच १९८४ सालीं अमिताभ बच्चन अलाहाबादेहून निवडून आले आणि १९८७ त राजीनामा देऊन मोकळे झाले. २०१९ सालीं दूरचित्रवाणीवर संभाजीमहाराजांची भूमिका चालू असतांनाच अमोल कोल्हे शिरूरहून निवडून आले, पण २०२४ त लोकांनीं त्यांना पुन्हां निवडलें. तेव्हां तेथील मतदार केवळ भूमिकेला भुलले असें म्हणणें धाडसाचें होईल. आम्हांला टोंचतें तें उदाहरण २००४ चें आहे. उत्तर मुंबईंत राम नाईक पांच वेळां निवडून आले होते. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यांतील आटपाडीस शिकलेला हा गृहस्थ. १९६४ त त्यांनीं गोरेगांवांत प्रवाशांचा संघ काढला आणि उपनगरी गाड्यांतून लोंबकळत जाणाऱ्या माणसांची गाऱ्हाणीं वर्षानुवर्षें मांडलीं. याच पश्चिम रेल्वेवर १९९२ च्या मे महिन्यांत केवळ स्त्रियांसाठीं पहिली लोकल धांवली होती. ज्याच्याकडे लोक गाडीचें आणि फलाटाचें रडगाणें घेऊन जात, त्याला त्या लोकांनीं गोविंदा या नटासाठीं घरीं बसविलें. २००९ त गोविंदा निवडणुकीस उभेच राहिले नाहींत.

तेव्हां मुंबईच्या मतदारांस आम्हीं पुष्कळ नांवें ठेविलीं होतीं. ज्या कानेटकरांनीं १९६२ सालीं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकांत महाराजांना रंगभूमीवर उभें केलें, त्यांच्या गांवचे आम्ही. रंग आणि चेहरा यांतला भेद आम्हांला तरी कळतो, असा आमचा अभिमान होता. सभेच्या दिवशीं तोही उतरला. पुतणीचा अर्ज ज्या क्षणीं मागच्या माणसाच्या हातीं गेला, त्याच्या पुढल्याच क्षणीं आम्ही व्यासपीठावर चढलों होतों, आणि आम्हींही पाहुण्यांशेजारीं उभें राहून छायाचित्र काढून घेतलें. तें आम्हीं मोबाइलवरून सर्व नातलगांस पाठविलें. तेवीस जणांनीं अंगठे उंचावून आमचें अभिनंदन केलें. पुतणीनें अंगठा दाखविला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं टपरी पूर्वीच्या जागीं आली. बिल्लेवाला तरुण आमच्या एका जुन्या मित्राचा मुलगा. त्या मित्राबरोबर आम्ही रोज सकाळीं नदीपर्यंत फिरावयास जातों. दोन वर्षें हें ठाऊक असून आम्हीं त्याच्यापाशीं शब्द काढला नव्हता. सकाळच्या हवेंत असा विषय कशाला, अशी आमची सबब. आतां मात्र काढला. मित्र हंसला. “अहो मास्तर, वयच तसं आहे. आपण काय कमी होतो?”

या प्रश्नानें आम्हांला निरुत्तर केलें. विद्यार्थी असतांना सायंकाळच्या आगगाडीच्या वेळीं आम्ही दोघे फलाटावर जाऊन उभे राहत असूं. कोणास भेटावयाचें नसे, कोठें जावयाचें नसे. आम्ही कधीं शीळ घातली नाहीं, आणि म्हणून आपण सज्जन आहों अशी आमची आजवर समजूत होती. पण डब्यांतून उतरणाऱ्या मुली पदर सांवरून, मान खालीं घालून, झपाझप निघून जात, तें आतां आठवतें. त्या इतक्या घाईनें कोणापासून जात होत्या, हें आम्हीं तेव्हां स्वतःस विचारलें नाहीं. मित्रास आम्हीं एवढेंच म्हटलें कीं, आपण कमी नव्हतों म्हणूनच मुलाला सांगावयास हवें. तो तीन दिवस फिरावयास आला नाहीं. चौथ्या दिवशीं आला आणि पावसाविषयीं बोलला. मुलगा आतां टपरीवर दिसत नाहीं. तो सुधारला कीं दुसऱ्या टपरीवर गेला, तें सांगवत नाहीं.

त्यानंतर आम्ही सहा वाजतां स्थानकावर जाऊन बसूं लागलों. आम्ही असलों कीं पोरें गाणें लावीत नाहींत. एकदोघे नमस्कारही करतात. आठ दिवस हें चाललें. मग घरीं येतां येतां पुतणी म्हणाली, “तात्या, तुम्ही येतां, बरं वाटतं. पण मला एकटीनं यायचं आहे.” आम्हीं जाणें बंद केलें. तिनें त्या अर्जाची प्रत काढली, बरोबरच्या चार मुलींच्या सह्या घेतल्या, आणि ती पोलिसांकडे नेऊन दिली. पोंच मागून घेतली. त्यांनीं तिचें म्हणणें नीट ऐकून घेतलें, हें सांगितलें पाहिजे. सोमवारपासून सायंकाळीं एक शिपाई कोपऱ्यावर उभा राहूं लागला. चार दिवस मोटारसायकली लागल्या नाहींत.

शुक्रवारीं तो आला नाहीं. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, साताऱ्यास कोणी मोठे पाहुणे यावयाचे होते आणि त्याची नेमणूक तेथील बंदोबस्तावर झाली होती. त्या संध्याकाळीं आम्ही ओट्यावर बसून होतों. मोटारसायकलींचा आवाज तेथवर ऐकूं येत होता. साडेसहाची गाडी वेळेवर आली असावी, कारण सात वाजण्यास वीस मिनिटें असतांना पुतणी दारांत उभी होती. म्हणजे ती मागच्या गल्लीनें आली नव्हती. तिनें चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली, आणि पोंचेचा कागद कोठें ठेविला आहे, असें आम्हांस विचारलें.