हातचा चहा

सन २००३. आमच्या पुरंदरच्या मटाराचा हंगाम. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल उतरवला की दोन पाट्या मी मंडईत मावशीच्या गाळ्यावर नेऊन टाकायचो. तिची सून शेंगा निवडत बसलेली असायची. मला बघितलं की म्हणायची, "दादा, दमला असाल, च्या घ्या."

त्या साली ती दिसंना. मावशीनं हळूच सांगितलं, "पोटुशी हाय. ससूनला रक्त तपासलं, तर एड्सची लागण निघाली. हिनंच आणला बघा घरात."

मावशीचा मुलगा ट्रकवर. महिना महिना बाहेर. वर्षभर खोकत होता, पण त्याचं रक्त कुणी तपासलं नव्हतं. बाई गरोदर राहिली की नाव नोंदवताना तिचं रक्त तपासतात. म्हणून घरात पहिलं नाव तिचं निघतं, आणि दोषही तिच्याच पदरात पडतो. पुढं त्याचंही तपासलं. तोही तसाच निघाला. पण सुनेवरचा बोल काही कुणी मागं घेतला नाही.

दवाखान्यात तिला सांगितलं होतं, कळा सुरू झाल्या की नेव्हिरापिनची एक गोळी घ्यायची आणि बाळाला बहात्तर तासांच्या आत त्याच औषधाचा डोस द्यायचा. त्यानं लागणीचा धोका निम्म्यावर येतो. निम्म्यावर! उरलेला निम्मा तिनं पोटात घेऊनच दिवस काढले.

एकदा ती गाळ्यावर आली. कप पुढं केला. मी म्हणालो, "पोट बरं नाही." चहानं हा आजार होत नाही, हे मी एसटी स्टँडच्या भिंतीवर वाचलेलं होतं. दहावी शिकलेला माणूस मी! तिनं काही न बोलता चहा ओतून दिला.

मुलगा झाला. आईच्या रक्तातला अंश बाळात बरेच दिवस राहतो, म्हणून खरा निकाल दीड वर्षानं. तो चांगला आला. मावशीनं पेढा दिला, तो मी तिथंच उभ्यानं खाल्ला.

नवरा गेला. २००४ पासून सरकारी औषधं फुकट मिळू लागली, त्यावर ती उभी राहिली. आता तर गरोदर बाईला लागण निघाली की लगेच रोजची गोळी कायमची सुरू करतात. ती नेमानं घेतली तर शंभरातली पंच्याण्णवच्या वर बाळं सुटतात.

गाळा आता तीच चालवते. मी गेलो की चहा मागवते आणि कप हातात देताना न चुकता विचारते, "पोट बरं हाय ना, दादा?"