खडीच्या वाटेवरचं रान

उत्तर मिनेसोटात ऑक्टोबर महिन्यात पक्षी पाहायचे, तर जंगलात खोल शिरण्यापेक्षा खडीचे आडरस्ते धरावेत, असं माझं ठाम मत आहे. डलुथच्या वायव्येला सॅक्स-झिम बॉग ही विस्तीर्ण दलदल आहे. तिथला स्प्रूस ग्राउस हा पक्षी उन्हाळ्यात बेरी, किडे, कोवळी पानं खातो, पण थंडीत त्याची गुजराण पाइन-स्प्रूसच्या सुयांवरच होते. पक्ष्याला दात नाहीत. दळण होतं ते पोटातल्या पेषणीत, आणि या जात्याला दगड हवेत. म्हणून बर्फ जमीन झाकण्याआधी तो सकाळी रस्त्यावर येतो, मान वाकवून एकेक खडा निरखतो, टिपतो. नराच्या डोळ्यावरची लाल भुवई तेव्हा किती स्पष्ट दिसते! एरवी स्प्रूसच्या दाटीत तो हाताच्या अंतरावर असला तरी दिसत नाही.

रस्त्यावरचं रान हे खरं रान नव्हे, असा आक्षेप असतो. पण पक्षी तिथे येतो तो स्वतःच्या गरजेने. कुणी दाणे टाकलेले नसतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: रस्ते जंगल चिरतात आणि चाकाखाली पक्षी मरतात. हे मला पूर्ण मान्य आहे. नव्या रस्त्यांची भलामण मला करायची नाहीच. पण जो रस्ता आहे, त्यावर वेग उतरवून, इंजिन बंद करून, दार न उघडता बसणारा माणूस दलदलीचं शेवाळ तुडवणाऱ्यापेक्षा कमी त्रास देतो. थांबलेल्या गाडीला ग्राउस सहसा बुजत नाही. टॅमरॅक झाडांच्या पिवळ्या सुया खडीवर झडत असतात, आणि तो त्या बाजूला सारून खालचा खडा शोधत राहतो.