रेडा आणि पखाल

समुद्रात लांबवर पोहून आलं की खांदे भरून येतात, खाऱ्या पाण्यानं काखेत सोलवटतं. याचं कुणाला नवल नाही. पण पोट का फुगावं? पोटात गेलेलं असतं अर्धं केळं आणि साखरपाणी. तरी बेंबीच्या वर टिचकी मारली तर वाजतं. ढेकर येता येत नाही, आला तर खारट. कुणी पित्त म्हणतं, कुणी वात. घरी ओव्याची डबी पुढे येते. हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती लेप लावायचा, हा आईचा उपाय मी अजून करतो आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

आमचा प्रशिक्षक पोरगेलासा आहे. तो म्हणाला, "काका, पोटाचं सोडा. तुम्ही हवा गिळताय." तोंड पाण्यात असताना श्वास सोडत राहायचा, तो मी धरून ठेवतो. मग मान वळवल्यावर त्या निमिषात सोडणं आणि घेणं दोन्ही उरकायचं. त्या घाईत थोडी हवा छातीऐवजी पोटात जाते. असं दर दोन-तीन हातांमागे, तासन्‌तास. म्हणजे खोट श्वासात आणि लेप पोटावर. रोग रेड्याला, औषध पखालीला.

ही म्हण तेव्हापासून डोक्यातून जात नाही. पखाल म्हणजे पाणी वाहायची कातड्याची मोठी पिशवी, रेड्याच्या पाठीवरून दोन्ही अंगांना लोंबणारी. म्हणीत हसं होतं ते औषध देणाऱ्याचं. पण रेड्याचं दुखणं पखालीपायीच आलं असेल तर? एक अंग जास्त भरलं, ओझं कललं, ओलं कातडं दिवसभर एकाच जागी घासलं की पाठ सोलणारच. मग पखालीकडे बघणारा तो एकटाच शहाणा. आणि पखाल तरी कशाची? गुराच्याच कातड्याची. म्हणजे एका जनावराच्या पाठीवर दुसऱ्याचं कातडं, आत गावाचं पाणी. यात रोगी कोण ते बाहेरच्यानं कसं ठरवायचं? पखालवाल्याला विचारलं असतं तर त्यानं बहुधा आधी पखालीलाच तेल लावलं असतं. कातडं वाळून तडकलं की पाणी वाटेतच संपणार आणि मजुरीही. म्हण रचणाऱ्यानं रेड्याची पाठ कधी जवळून पाहिली होती का, अशी शंका मला हल्ली येते.

पोटाचं तसंच असावं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ. ते घोटाघोटानं पोटात गेलं की आतडी अंगातलं पाणी स्वतःकडे ओढून घेतात. रक्त गेलेलं असतं हातापायांच्या स्नायूंकडे, त्यामुळे होडीतून मिळालेलं गोड पाणी आत तसंच डुचमळत राहतं. मग श्वास कितीही सुधारला तरी पोट म्हणणार, माझं काय? १८७५ साली इंग्लिश खाडी पहिल्यांदा पोहून गेलेला मॅथ्यू वेब वाटेत ब्रँडी आणि मांसाचं सूप घेत होता. पोहला पावणेबावीस तास. त्याच्या पोटाचं काय झालं, हे मला त्याच्या विक्रमापेक्षा जास्त जाणून घ्यावंसं वाटतं. आजचे पोहणारे कोला घेतात तो आधी हलवून, गॅस घालवून. म्हणजे जाणकारसुद्धा पखालीची काळजी घेतातच.

मी आता पाण्यात बुडबुडे सोडत पोहतो. कधी पोट सपाट राहतं. कधी समुद्र शांत असून, श्वास नीट असूनही टम्म फुगतं. त्या दिवशी पोरगा श्वासातच खोट काढतो. अहो, ओवा खाल्लात का, असं घरून विचारणं होतं. दोघांनाही मी हो म्हणतो.

डिसेंबरात मालवणला चिवला किनाऱ्यावरच्या स्पर्धेला कुणी जाणार असेल, तर श्वासाचं आपापल्या प्रशिक्षकाला विचारा. हिंगाची डबी मात्र पिशवीत असू द्या.