भिंत ओलांडलेले रोप



परमुलुखात एखादे नवे झाड दिसले की आपला हात आपोआप त्याच्या बियांकडे जातो. चार बिया रुमालात बांधून न्याव्यात आणि घरी बांधावर लावून पाहाव्यात, असे कोणाला वाटत नाही? काही वर्षांपूर्वी इंग्लंडात मुलीकडे गेलो असता ऑक्सफर्ड विद्यापीठाची वनस्पतिबाग पाहिली, तेव्हा मलाही तसेच वाटले. पण तिथल्याच एका रोपाची हकीकत ऐकली आणि हात आखडला. ती तुम्हालाही सांगावीशी वाटते.

ही बाग इ. स. १६२१ मध्ये स्थापन झाली. ब्रिटनमधली ही सर्वांत जुनी वनस्पतिबाग. उंच दगडी भिंतींच्या आत देशोदेशीची झाडे पाट्या लावून जोपासली आहेत. आपला ऊस, केळ आणि भात मात्र काचघरात उबेला ठेवलेला! पाहून गंमत वाटली.

याच बागेत अठराव्या शतकात सिसिली बेटावरच्या एटना ज्वालामुखीच्या उतारावरचे एक पिवळ्या फुलांचे रोप होते. त्याचे बी रुईच्या म्हातारीसारखे वाऱ्यावर उडते. शतक संपण्यापूर्वीच ते बाहेर पडून गावातल्या जुन्या भिंतींवर उगवू लागले. १८४४ मध्ये ऑक्सफर्डला आगगाडी आली. रुळांखालची खडी व कोळशाची राख त्याला ज्वालामुखीच्या जमिनीसारखीच मानवली. धावत्या गाड्यांच्या वाऱ्याबरोबर बी पुढे पुढे गेले आणि रोप मुलूखभर पसरले. एवढ्या जाणत्यांच्या बागेतून जे सुटले, ते आपल्या बांधावर कसे थांबेल?

आपल्याकडेही तेच झाले. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली. आज ती रानोमाळ माजली आहे. जलपर्णीही फुलांच्या हौसेपायीच आली. गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले, आणि आज ते कोणत्या गावात नाही?

बाहेरचे सारेच वाईट असे नव्हे. मिरची, मका, भुईमूग ही अमेरिका खंडातलीच. परंतु नवे बी पारखून घ्यावे लागते. म्हणूनच २००३ च्या केंद्रीय आदेशानुसार परदेशातून बियाणे व रोपे आणण्यास परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. मुलगा किंवा पाहुणा परदेशातून येणार असेल, तर त्याला तसे आधीच कळवा. शेतात अनोळखी रोप दिसले, तर बी धरण्यापूर्वी कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. आणि गाजर गवत हातमोजे घालून, फुलोऱ्यापूर्वीच मुळासकट उपटा.