बारक्याची साक्ष

उरुणातल्या आमच्या गल्लीत पुस्तकांचं कपाट कुणाच्याच घरी नव्हतं, पण रहस्यकथा घरोघरी होत्या. दिवसाला आठ आणे भाड्यानं आणलेलं पुस्तक एका दिवसात चार घरं फिरायचं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या झुंजार आणि काळा पहाडाची पुस्तकं आमच्यापर्यंत आली तेव्हा त्यांची पानं पिवळी पडून कोपरे झडले होते. शेवटचं पान तर हमखास फाटलेलं, त्यामुळं खुनी कोण हे आम्हालाच ठरवावं लागायचं. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आणि गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप मात्र जरा नव्या कोऱ्या अंगानं यायचे.

गल्लीत या पुस्तकांचा खरा भक्त म्हणजे बारक्या. शेजारच्या काकूंचा धाकटा, नववीत शिकणारा, चौदा वर्षांचा. त्याचं खरं नाव शाळेच्या हजेरीतच राहिलं. दळणाच्या रांगेत, पाण्याच्या नळावर, जिथं बघावं तिथं त्याच्या हातात पुस्तक. पाच-सहा पानं वाचून झाली की गुन्हेगार कोण ते सांगून मोकळा व्हायचा. माझा मधला भाऊ त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. दोघांचं एका ताटात जेवणं, एका सायकलीवर हिंडणं.

साल १९९६. त्या वर्षाच्या अखेरीला कोल्हापूरची ती बातमी आली. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे नि सीमा गावित, पकडल्या गेल्या. गर्दीच्या ठिकाणांहून लहान लेकरं उचलायची, चोरी करताना ढालीसारखी ती जवळ बाळगायची आणि जड झाली की मारून टाकायची. १९९० पासून हे चाललं होतं. पेपर आला की गल्लीतला एखादा शिकलेला पोरगा कट्ट्यावर मोठ्यानं वाचायचा आणि बायका पदर तोंडावर धरून ऐकायच्या. पोरांना एकटं दुकानाला धाडणं बंद झालं. तोंडओळख नसलेली बाई गल्लीत दिसली की दारं लागायची.

नेमका त्याच सुमारास संभूआप्पाचा उरूस होता. पाळणे, मौतका कुवा, मेवामिठाईची पालं, कुस्त्या, सगळ्या वाळवा तालुक्याची गर्दी. त्या गर्दीत एका संध्याकाळी माझा भाऊ बारक्याबरोबर गेला आणि बारक्या एकटाच परत आला.

पहिले दोन तास कुणी मनावर घेतलं नाही. जत्रेतलं पोरगं, येईल. रात्रीचे अकरा वाजले तशी आईनं चुलीवरचं भाताचं पातेलं उतरवून ठेवलं आणि दारात येऊन बसली. आबा, मी, चुलते, सगळे बॅटऱ्या घेऊन हिंडलो. एसटी स्टँड, गांधी चौक, पार पेठ नाक्यापर्यंत. पहाटे परतलो तेव्हा कट्ट्यावर निम्मी गल्ली जमलेली आणि मधोमध बारक्या उभा.

तिथं काय काय विचारलं गेलं ते मी ऐकलं आहे, म्हणून सांगतो. पहिला प्रश्न होता, "कुठं सोडलंस त्याला?" बारक्या म्हणाला, "पाळण्यापाशी. मला काय म्हाईत न्हाई." हे त्याचं पहिलं उत्तर. ते तिथंच राहिलं असतं. पण कुणीतरी म्हणालं, "आरं, कोन बाईबिई हुती का रं बरुबर?" बारक्या गप्प. दुसरा म्हणाला, "घाबरू नगंस. दोघी हुत्या का?" बारक्यानं मान हलवली. "कडंवर पोर हुतं?" पुन्हा मान. "लुगडं कसलं हुतं, हिरवं?" मान.

सूर्य वर येईपर्यंत त्या दोघींना चेहरे फुटले. एकीच्या गालावर तीळ आला. दुपारी पांढरी अँबेसिडर आली. ती गाडी तर मी सरळ ओळखली. तसली गाडी त्याच महिन्यात आम्ही दोघांनी वाचलेल्या एका पुस्तकात होती. हवालदारांनी हरवल्याची नोंद केली, बारक्यालाही बसवून विचारलं. तोवर त्याला सगळं पाठ झालं होतं. न अडखळता सांगितलं त्यानं. जे न अडखळता सांगतं ते खरंच असतं, असा आपल्याकडं समज आहे.

तिसऱ्या दिवशी मोठा प्रसंग झाला. हंगाम सुरू झालेला. साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्यावर बीडकडच्या टोळ्या उतरलेल्या. त्यातल्या दोन बाया गावात पीठमीठ न्यायला आल्या होत्या. एकीच्या कडेवर पोर, एकीचं लुगडं हिरवं. स्टँडजवळ कुणीतरी ओरडलं, "ह्याच त्या!" बघता बघता शंभरभर माणूस गोळा झालं. बारक्याला धरून आणलं. "ह्याच का? बोल, ह्याच का?" एवढी माणसं वाट बघत असताना चौदा वर्षांचं पोर दुसरं काय करणार? त्यानं मान हलवली.

एकानं त्या बाईच्या केसांना हात घातला. पोर किंचाळायला लागलं. तेवढ्यात आबा गर्दी फोडून आत शिरले. पोरगं हरवलं होतं ते त्यांचं, त्यामुळं लोकांनी त्यांना वाट दिली. पहिला फटका तेच मारणार असं सगळ्यांना वाटलं असावं. आबांनी विचारलं, "कुठली गं तू बाई?"

"पाटोद्याकडच्या हाव दादा. ऊस तोडायला आलोत. कारखान्यावर विचारा."

आबांनी तिचा हात धरून उलटा केला आणि वर उचलून सगळ्यांना दाखवला. तळव्यावर कोयत्याचे घट्टे, मनगटापासून कोपरापर्यंत उसाच्या पाल्यानं कापलेल्या बारीक रेघा, काही ओल्या, काही वाळलेल्या. "ह्यो हात बघा," आबा म्हणाले. "ऊस आपल्या समद्यांच्या रानात हाय. ह्यो तोडणाऱ्याचा हात हाय का पोरं पळवणाऱ्याचा, सांगा मला." कुणी बोललं नाही. आबांनी त्या दोघींना आमच्या बैलगाडीत बसवलं आणि स्वतः टोळीवर सोडून आले. येताना मुकादमाच्या पाया पडून आले, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

खरा तपास लावला तो आज्जीनं. तिला अक्षरओळख नव्हती. त्या रात्री ती मला म्हणाली, "काय रं, पेपरात त्या बायांनी नेल्याली पोरं केवढी केवढी हुती?" मी म्हटलं, बहुतेक लहान, काही तर तान्ही. "मग मिसरूड फुटल्याला घोडा कोन कडंवर घिऊन जातंय?" एवढं बोलून तिनं कंदील उचलला आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला लावली. भावाचा स्वेटर नव्हता. कागदांच्या पिशवीतून त्याची दहावीची गुणपत्रिका नव्हती. पळवून नेणारा माणूस पोराची गुणपत्रिका मागून घेत नाही. अकरावीच्या सहामाहीत तो नापास झाला होता आणि ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं, हेही मग त्याच पिशवीतल्या एका चुरगळलेल्या कागदावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी आज्जीनं बारक्याला जेवायला बोलावलं. आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. मी परड्यातल्या भिंतीशी उभा होतो. बराच वेळ ती काही बोललीच नाही. वाढत राहिली. मग म्हणाली, "सांगायचं नसलं तर ऱ्हाऊ दे बाबा. कुठं गेला इचारत न्हाई मी. थंडी लई पडलीया. त्याला वाजत आसंल का, एवढंच बोल."

बारक्या म्हणाला, "स्वेटर नेलाय त्यानं."

आणि रडायला लागला. शपथ घातली होती त्याला. सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील म्हणून. इचलकरंजीला यंत्रमागावर गावातला एक ओळखीचा होता, त्याच्याकडं गेला होता भाऊ. सहाव्या दिवशी आबा आणि चुलते त्याला घेऊन आले. एका शेडात कांड्या भरत बसला होता, डोक्यावर कापसाची पिंज. आबा त्याला एक शब्द रागाचा बोलले नाहीत. उलट वाटेत भजी खायला घातली, असं तो अजून सांगतो.

गल्लीनं मात्र बारक्याला माफ केलं नाही. थापाड्या हे नाव त्याला चिकटलं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आज तर अजिबात पटत नाही. पोरानं एक शपथ पाळली. बाकीचं सगळं त्याच्या तोंडात घातलं ते मोठ्या माणसांनी. त्याचं स्वतःचं उत्तर एकच होतं, "मला काय म्हाईत न्हाई," आणि ते कुणाला नको होतं.

प्रश्नानं साक्ष कशी बदलते यावर एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ साली एक प्रयोग केला. दीडशे विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फीत दाखवली. पन्नास जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर आपटल्या तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या पन्नासांना विचारलं, गाड्या धडकल्या तेव्हा किती होता? उरलेल्या पन्नासांना वेगाचं विचारलंच नाही. आठवड्यानं सगळ्यांना विचारलं, फुटकी काच पाहिलीत का? फितीत काच फुटलेलीच नव्हती. तरी 'आपटल्या' ऐकलेल्या पन्नासांपैकी १६ जण हो म्हणाले, 'धडकल्या' ऐकलेल्यांपैकी ७. ही सगळी कॉलेजातली मंडळी, कुणी त्यांना घेरून उभं नव्हतं. बारक्याभोवती तर गल्ली होती.

आपला कायदा यात आमच्या कट्ट्यापेक्षा शहाणा आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम ११८ सांगायचं की प्रश्न समजून उत्तर देता येत असेल तर पोरसवदा साक्षीदारही चालतो. पण पोराला कुणी पढवलेलं नाही ना, हे कोर्टानं निरखून बघायचं असतं. त्या गावित खटल्यातही रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला होता. असल्या साक्षीदाराचं बोलणं दुसऱ्या पुराव्याशी ताडून बघायचं, ही कोर्टांची जुनी रीत. अंजनाबाई निकाल लागायच्या आत तुरुंगात वारली. दोघी बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑगस्ट २००६ रोजी कायम केली आणि दयेच्या अर्जावर निर्णयाला फार वर्षं लावली म्हणून १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं तिची जन्मठेप केली. एवढ्या भयंकर गुन्ह्यालाही तपासून, ताडून, वर्षानुवर्षं थांबून न्याय करावा लागतो. स्टँडवरच्या गर्दीला दहा मिनिटं पुरतात.

हरवलेल्या पोरांच्या बाबतीतही आता बरं झालंय. १० मे २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं अठराच्या आतलं मूल हरवल्याची तक्रार आली की नुसती नोंद न ठेवता गुन्हा दाखल करून तपास करावा लागतो. पण गर्दीसाठी असा आदेश कोण काढणार? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून ठेचून मारलं. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात, उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना लोकांनी काठ्यांनी आणि पट्ट्यांनी मारलं. त्यांनी एका पोराला वाट विचारली होती, तेवढंच. आमच्या वेळी पेपर होता, आता मोबाइल आहे. बाकी प्रश्न तेच. "दोघी हुत्या का? हिरवं लुगडं हुतं का?"

भाऊ आता पन्नाशीकडं झुकलाय. इचलकरंजीतच त्याचे स्वतःचे चार माग आहेत. बारक्या कारखान्याला ऊस ओढणारा ट्रॅक्टर चालवतो. दोघांची दोस्ती आहे तशी आहे. मागं एका लग्नात मी बारक्याला सहज विचारलं, त्या बायांचं कसं काय सुचलं रे तुला? तो हसला नाही. म्हणाला, "दादा, सुचलं कुठलं? मला त्या दिसत्यात की अजून. पाळण्याच्या पलीकडं उभ्या हायत. गालावर तीळ हाय. मला म्हाईत हाय तसं काय नव्हतं. पर दिसत्यात."

मला दिसते ती दुसरी. खरी हिरव्या लुगड्यातली, केस सुटलेली, पोराला दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरलेली. त्या दिवशी स्टँडवर काय झालं, पहिला हात कुणी घातला, कोण हसत होतं, कोण मागं सरलं, हे सगळं तिनं समोरून पाहिलं होतं. तिला मात्र कुणी काही विचारलं नाही. नावसुद्धा नाही.